घरचा दुवा

गार्गीला एक्क्याऐंशी आणि मला चौतीस.

पस्तिसाला पास, हे आमच्या पिढीच्या हाडात मुरलेलं. त्यामुळं पडद्यावर माझ्या नावापुढचा आकडा दिसला तेव्हा पहिला विचार हाच आला, की अडतीस वर्षं संसार करून नवऱ्याच्या परीक्षेत मी एका मार्कानं नापास झाले. आणि पहिली कोण आली? माझी सून. लग्नाला दोन वर्षं झालेली, त्यातले बावीस महिने पुण्यात काढलेली, आणि सासऱ्यांच्या आजारपणासाठी म्हणून मिरजेला येऊन जेमतेम दोन महिने झालेली. पी हळद आणि हो गोरी, असं कधी होत नाही म्हणतात. हिचं झालं.

"काकू, हे मार्क नव्हेत," अल्मास सिस्टर म्हणाल्या. पेशंटला हॉस्पिटलातून घरी पोचवायचं काम त्यांच्याकडं होतं, म्हणजे नुसतं गाडीत बसवून द्यायचं नव्हे, तर घरी नीट रुळेपर्यंत मागं राहायचं. "हा मेळ आहे. यात चांगलं-वाईट कुणी नसतं."

"मग आकडा कशाला लावलाय?" मी विचारलं.

त्या नुसत्या हसल्या. आमचे हे चाकाच्या खुर्चीत बसले होते, ते छताकडं बघायला लागले. गार्गीनं मान खाली घातली होती, पण तिच्या गालावरचा आनंद मला दिसला. दिसला म्हणजे काय, मी तो शोधला.

माझे यजमान, श्रीपाल चौगुले, महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात तेहतीस वर्षं वॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं ते त्यांच्या मनगटात होतं. स्वतःचं हृदय दमलं तेव्हा त्यांनीच मला समजावलं, "पंप जुना झालाय. ढकलतोय, पण पुढं पुरेसं जाईना. मग मागं साचतंय. पायात, छातीत." डॉक्टरांनी अर्धा तास सांगून जे कळलं नव्हतं ते मला तेवढ्यात कळलं.

आता तो मेळ काय प्रकार आहे ते सांगते. मला तो चारदा समजावला गेला आणि चारही वेळा मी रागात होते, तरी कळला तो असा. असे पेशंट हॉस्पिटलात सुधारतात आणि घरी गेले की महिन्याभरात परत येतात. औषध तेच, माणूस तोच, मधल्या उंबरठ्यावर काहीतरी सांडतं. उपचारांत घरचं एक माणूस डॉक्टरांच्या बरोबरीनं भागीदार पाहिजे, हे सगळ्यांना पटलेलं होतं. पण कुठलं माणूस? आजवर जो फॉर्मवर सही करेल तो, नाहीतर ज्याचा आवाज मोठा तो.

म्हणून ही पट्टी आली. बोटाएवढी, गळ्याखालच्या हाडाजवळ चिकटवायची. ती छातीतून अगदी बारीक वीज सोडते. पाण्यातून वीज सहज जाते, हवेतून जात नाही, त्यावरून फुफ्फुसात पाणी किती साठलंय ते तिला कळतं. ठोके कळतात, श्वास कळतो. आणि ती ऐकते. पेशंट म्हणाला "बरं वाटतंय", आणि त्याच वेळी छाती घुसमटत असली, तर बोलणं आणि शरीर यांत तफावत पडली. पलंगाशेजारी बसलेल्या कुणाशी बोलताना किती तफावत पडते ते सहा दिवस मोजायचं. ज्याच्यापाशी तफावत सगळ्यांत कमी, त्याचा मेळ जास्त, आणि तोच घरचा दुवा. औषधांची पेटी त्याच्या अंगठ्यानं उघडणार, पट्टीचे आकडे त्याच्या फोनवर येणार, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत लघवीची गोळी कमी-जास्त करायचा हक्कही त्याचाच.

साध्या मराठीत सांगायचं तर माझा नवरा माझ्याशी खोटं बोलत होता आणि तिच्याशी खरं. आणि ते मोजून, भिंतीवर लावून दाखवलं होतं.

त्याच बैठकीत औषधांच्या वेळा ठरल्या.

"काका, रात्रीचं जेवण किती वाजता होतं?" सिस्टरनी विचारलं.

"सहाच्या आत."

"छान. मग रात्रीची गोळी आठला घ्यायची. चालेल?"

"चालंल की," हे म्हणाले.

चालणार नव्हतं. आम्ही जैन. पन्नाशीत एका चातुर्मासात ह्यांनी मुनिमहाराजांपुढं नियम घेतला, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही. जेवण नाही, फळ नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि पाण्याशिवाय गोळी कशी उतरणार? आजाऱ्याला सवलत असते असं आमच्या बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पंडितांनीही सांगून बघितलं, पण सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. त्यात आपल्या नियमाचा गाजावाजा करायचा नाही, हा ह्यांचा आणखी एक नियम. मग मी काय करत होते? डॉक्टर रात्री म्हणाले की मी साडेपाचला देत होते. अकरा वर्षं. ना मी कधी डॉक्टरांना सांगितलं, ना ह्यांनी मला कधी विचारलं. हॉस्पिटलात रात्रीचं औषध सलाइनमधून जात होतं, म्हणून तिथं कुणाला पत्ता लागला नाही.

गार्गी नागपूरची, आमच्यातली नव्हे. सासरे लवकर जेवतात एवढं तिला माहीत होतं. पाणीही पीत नाहीत हे तिला कुणी सांगितलं असतं तरच कळणार.

एकच वाक्य बोलायचं होतं. "सिस्टर, आठ नको, साडेपाच करा." अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात गार्गीनं वही काढून वेळ लिहिली, खाली रेघ मारली, आणि सिस्टर मला म्हणाल्या, "बघा काकू, किती व्यवस्थित आहे सूनबाई." मी वाक्य गिळलं. म्हटलं, एक्क्याऐंशी मार्क आहेत ना, बघू या.

घरी आल्यावर माझं राज्य गेलं. मिरज-सांगली बस आता ड्रायव्हरशिवाय धावते, पण माझं स्वयंपाकघर कुणी माझ्याशिवाय चालवेल असं मला वाटलं नव्हतं. मीठ सकाळीच तोलून वाटीत काढलेलं. पाणी दिवसाला दीड लिटर, त्याचा तांब्या वेगळा. आमटीत चिमूटभर घालायला गेले तर गार्गी म्हणाली, "आई, आजचं मीठ संपलं न." मी हात मागं घेतला. माझ्याच डब्यातून.

पण मीठ-पाण्याचं मी सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते दुसरंच. सकाळी मी विचारायची, "पाय कसे आहेत?"

"बरे हायत."

पाच मिनिटांनी गॅलरीत गार्गी विचारायची, आणि मी आत तांदूळ निवडत ऐकायची. "डाव्या पायाचा घोटा ताठलाय गं. आन् काल जिन्यात दोनदा थांबलो."

"दुखतंय की जड वाटतंय, बाबा?"

"जड."

"बरं." ती फोनवर टिपायची आणि आपल्या कामाला लागायची. ना हाय, ना हुय. एवढंच.

मला मत्सर वाटत होता. आडून कशाला सांगू? सवतीचा वाटावा तसा, आणि तोही पोरीसारख्या सुनेचा, म्हाताऱ्याच्या सुजलेल्या घोट्यावरून. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला तेव्हा तांदळातला खडा आणि तांदूळ वेगळा दिसत नव्हता.

रात्री आठला पेटी वाजायची. गार्गी अंगठा लावायची, गोळी आणि वाटीभर पाणी ह्यांच्या हातात द्यायची, आणि तेवढ्यात तिची अमेरिकेतल्या लोकांबरोबरची मीटिंग सुरू व्हायची. "ठेव, घेतो मी. जा तू," हे म्हणायचे. पेटी उघडली म्हणजे गोळी पोटात गेली, असं पेटी धरून चालायची. पट्टीला छातीतलं पाणी कळतं, घशाखाली काय उतरलं ते नाही. मी हॉलमध्येच बसलेली असायची, टीव्हीकडं तोंड करून.

तिसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी कपडे धुवायला घेताना ह्यांच्या शर्टाच्या खिशात कागदाची पुडी सापडली. आत तीन गोळ्या. ह्यांना काही टाकवत नाही, पाणी नाही, अन्न नाही, औषधही नाही. मी पुडी हातात धरून मोरीत उभी राहिले. बाहेर गार्गी ह्यांचं वजन घेत होती आणि दोघं कशावर तरी हसत होती. शर्ट वाळल्यावर मी पुडी होती तशी खिशात परत ठेवली.

तोवर मी रुसले होते असं म्हणता आलं असतं. त्यानंतर नाही.

पाचव्या दिवशी दुपारी गार्गी फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा उतरलेला. "आई, बाबांच्या छातीतलं पाणी वाढतंय. सगळं वेळेवर चाललंय तरी. फोन म्हणतोय, औषध लागू पडत नाहीये, लघवीची गोळी दुप्पट करा. माझ्याकडून काही राहून जातंय का? बाबा मला सगळं सांगून राहिलेत, पण काहीतरी हुकतंय. तुम्ही इतकी वर्षं केलंय. बघा न जरा."

हेच मला हवं होतं. तिनं माझ्या दारात यावं, विचारावं. आता सांगितलं असतं तर मोठेपणही मला आणि नवराही बरा.

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "मी नापास. तुझ्या फोनला विचार."

ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मी भाकरी थापत राहिले. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं.

लघवीची गोळी सकाळची, ती हे घेतच होते; ती दुप्पट झाली. सातव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास न्हाणीघरात धप्प आवाज झाला. मी धावले, गार्गी माझ्या आधी पोचली. हे फरशीवर आडवे, कपाळाला खोक, ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. दुप्पट गोळीनं अंगातलं पाणी आणि क्षार झपाट्यानं उतरले होते, त्याबरोबर रक्तदाबही. हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की मी हाक मारतेय आणि ते ओ देत नाहीत. अॅम्ब्युलन्समध्ये गार्गी फोनवर अल्मास सिस्टरना एकेक आकडा सांगत होती. माझ्याकडं सांगण्यासारखं होतं ते मी तेव्हाही सांगितलं नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. डोक्याला आतून मार नव्हता. शुद्ध आली होती. पण दोन दिवस धोक्याचे म्हणाले, हृदयाची ताकद आधीपेक्षा घटली होती.

सिस्टरनी आम्हाला त्याच बैठकीच्या खोलीत नेलं. त्यांना रागवायचं नव्हतं, काय घडलं ते नोंदवायचं होतं. गार्गी बोलायच्या आधीच रडायला लागली. "गोळी मी वाढवली. मीच. मला नाही जमत, सिस्टर. माझं नाव काढा. आईंचं घाला."

ज्यासाठी माझा आठवडाभर जळफळाट चालला होता ते असं टेबलावर येऊन पडलं. मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. पोरगी सगळा दोष घेऊन पुण्याला गेली असती, आणि पेटी माझ्या अंगठ्यानं उघडली असती. कुणाला काही कळलं नसतं. ह्यांचा सकाळचा शर्ट माझ्या पिशवीत होता.

मी शर्ट काढला, खिशातली पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. मग सांगितलं सगळं. नियम, साडेपाच, अकरा वर्षं, मोरी.

गार्गीचं रडणं थांबलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी स्वयंपाकघरात विचारायला आले तेव्हाही?"

"हो."

"मला हरवायला तुम्ही बाबांना वापरलंत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

सिस्टर खाली कागदाकडं बघत होत्या. गार्गीनं ओढणीनं तोंड पुसलं आणि फोन उचलला. मला वाटलं, आता सुदर्शनला लावणार, माझ्या मुलाला, आणि त्याला सांगणार की तुझी आई कशी आहे.

"आज सूर्यास्त किती वाजता?" तिनं फोनला विचारलं. पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटं, फोन म्हणाला. "सिस्टर, रात्रीची गोळी साडेपाचला करा. घरी गेल्यावरही तेच."

तिनं मला माफ केलं नव्हतं. अजूनही पुरतं केलेलं नाही, आणि मी मागायलाही गेले नाही. पण वेळ तिनं आधी बदलली.

ती औषधाच्या खिडकीकडं गेल्यावर सिस्टर माझ्याशेजारी येऊन बसल्या. "काकू, पट्टीला बोललेलं तेवढंच ऐकू येतं. तुम्हा दोघांत जे बोलावंच लागत नाही, ते तिनं कुठं मोजलं? ही चूक आमची. घरच्या लोकांना विचारायचा एक प्रश्न आम्ही विसरलो. तुमच्या घरात असं काय आहे, जे सगळ्यांना माहीतच असतं म्हणून कुणी सांगत नाही? हे सगळं ठरवणारी हॉस्पिटलची एक समिती आहे. तुम्ही तिच्यावर या, आम्हाला असे प्रश्न काढून द्या."

आठवड्यापूर्वी हे ऐकून मी फुगले असते. आता मनात दुसराच हिशेब सुरू होता. न बोलता कळणारं सोडा, पण बोललेलं? माझ्याशी बोललेलं तर खोटंच होतं ना. मी आत गेले.

हे जागे होते. कपाळाला पट्टी, गळ्याखाली ती दुसरी पट्टी. मी स्टुलावर बसले.

"माझ्याशी खोटं का बोलता?"

"कोण बोलतंय?"

"तुमची छाती सांगतीय."

त्यांनी गळ्याखालच्या पट्टीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तुला दुखतंय म्हटलं की तुझं तोंड उतरतंय, हेमा. मग तू देवाला बोलतीस, सोताला बोलतीस, मला बोलतीस. मग तुझी समजूत काढत बसायचं. मला आता तेवढा दम न्हाई गं."

"आणि गार्गी?"

"ती लिहून घेती आन् जाती."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग विचारलं, "नियमाचं तरी तिला का नाही सांगितलंत?"

"पोरगी साडेआठला जेवती. सांगितलं असतं तर माझ्या घरात भीत भीत घास घेतला असता तिनं. म्हटलं, सकाळची घेतोयच की. एक वेळ पाणी न्हाई सोडलं म्हणून गाव मरत न्हाई."

आता माझी पाळी होती. "ती पुडी मला सापडली होती. धुण्याच्या वेळी. मी कुणाला सांगितलं नाही."

"ठाऊक हाय."

मी मान वर केली.

"धुतलेल्या शर्टात पुडी कोरडी होती," हे म्हणाले. "म्हटलं, हिला कळलंय. हिला कळलंय आन् ही गप हाय, म्हणजे काळजीचं काय नसंल. मग मी निवांत झालो."

मला रडायला येत होतं, आणि रडले की ह्यांना माझी समजूत काढावी लागणार होती. मी खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीकडं बघत दात घट्ट धरले. छातीत जे व्हायचं ते झालं. तोंड उतरू दिलं नाही.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

सवयीनं "बरं" म्हणायला त्यांनी ओठ उघडले. मग माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. किती तरी वेळ बघितलं.

"भ्या वाटतंय," ते म्हणाले.

"कशाची?"

आणि ते सांगायला लागले. हळूहळू, मध्ये थांबत, श्वास घेत. तेवढ्यात दारात गार्गी येऊन उभी राहिली, हातात औषधं. माझ्या मनात पहिलं काय यावं? हिनं ऐकावं, की ते मला सांगतायत. एवढं सगळं झाल्यावरही हेच. मत्सर काय एका दुपारीत धुऊन निघत नाही.

मी तिला खुणेनं पलीकडच्या स्टुलावर बसायला सांगितलं आणि ह्यांना म्हटलं, "बोला, आम्ही ऐकतोय."